तीन हात नरम

तिला सगळी गल्ली सूनबाई म्हणत असे. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांनी भर दुकानात "ही आमची सूनबाई" अशी ओळख करून दिली आणि ते नाव तिला चिकटलं ते कायमचं. पुढे तिचे केस पिकले, चष्मा लागला, स्वतःची मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली, तरी ही आपली सूनबाईच. तिच्याहून दहा वर्षांनी लहान असलेला पोस्टमनसुद्धा खुशाल "सूनबाई, पत्र!" अशी हाक मारायचा. पहिल्या पहिल्यांदा तिला राग यायचा. नंतर नंतर मात्र कुणी खऱ्या नावाने हाक मारली असती तर तिने मागे वळूनही पाहिलं नसतं.

दुकान होतं फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, फाटकासमोर. पुढे एक लांब खोली, तिच्यात लाकडी काउंटर आणि भिंतीला लागून दोन बाकं. मागे स्वयंपाकाची खोली, वर घर. दुकानात मिळायचा एकच पदार्थ, त्याचं नाव वीट. नावाने घाबरून जायचं कारण नाही. वीतभर लांबीचा, कडक सालीचा चौकोनी पाव मधोमध चिरायचा. खालच्या भागात पहाटेपासून मंद आचेवर शिजलेलं मटण, त्यावर लाल होईपर्यंत तळलेला कांदा, उकडलेल्या अंड्याच्या चकत्या, व्हिनेगरमध्ये मुरलेली मिरची. वरच्या भागाला आतून मोहरीची चटणी. दोन पळ्या रस्सा. मग सगळं कागदात गुंडाळून सुतळीने बांधायचं आणि लोखंडी वजनाखाली वीस मिनिटं दाबून ठेवायचं. वजनं फाउंड्रीतल्या लोकांनीच ओतून दिलेली. वजनाखालून निघाली की तिला विटेचा आकार आलेला असायचा, आणि हातात घेतली तर वजनही फार काही कमी वाटायचं नाही. वीट खाऊन कुणाला वीट आल्याचं ऐकिवात नाही, हा विनोद त्या दुकानात रोज कुणी ना कुणी करायचा, आणि करणाऱ्याला दर वेळी तो आपल्यालाच सुचला असं वाटायचं.

तिथल्या माणसांना वीट ही पोटापेक्षा अब्रूची गोष्ट. एका बैठकीत अख्खी वीट संपवतो तो माणूस कामाचा. अर्धी खाऊन अर्धी कागदात गुंडाळणाऱ्याला लोक "बाळाला घरी नेतोयस का?" असं विचारायचे. एक वेल्डरकाका होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, दोन्ही जबड्यांत कवळी, तरी रोज दुपारी फाउंड्रीचा जेवणाचा भोंगा झाला की बाकावर हजर. अख्खी वीट संपवायची, कागदाची गोळी करून टोपलीत फेकायची आणि बाजूच्या पोरसवदा कामगारांकडे बघून म्हणायचं, "काय रे, तुमच्या वयात दोन खायचो. आजही एक जातेच." पोरं मान डोलवायची. काउंटरमागे सूनबाई आणि तिचे सासरे एकमेकांकडे बघायचेसुद्धा नाहीत.

कारण वेल्डरकाकांची वीट गेली नऊ वर्षं वेगळी बांधली जात होती.

सासऱ्यांना सगळे दादा म्हणत, सूनबाईही दादाच म्हणायची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिच्या लक्षात आलं की दादा काही विटा बांधताना भिंतीकडे तोंड करतात. तिने विचारलं तेव्हा त्यांनी पावाचा खालचा भाग तिच्यासमोर उलटा धरला. आतून सुरीने साल इतकी खरवडली होती की प्रकाशाला धरली असती तर पलीकडचं दिसलं असतं. बाहेरून मात्र तो पाव इतर पावांसारखाच.

"कुणाची ही?"

"त्या क्रेनवाल्याची. मागच्या दाढा गेल्यात त्याच्या. आठ दिवस साल कागदात टाकून जातोय."

"मग सांगायचं ना त्यांना, काका, आता अर्धीच खा म्हणून."

दादांनी सुरी खाली ठेवली. "सूनबाई, माणूस म्हातारा झाला हे त्याला सांगायला घरात बायको आहे, डॉक्टर आहे, आरसा आहे. त्यात आपली भर कशाला? नरम बांधायची आणि ज्याची आहे त्याला कधी कळू द्यायचं नाही."

अशी ती त्यांची विद्या. रंगाचे हात असतात तसे याचेही हात होते. एक हात नरम म्हणजे साल आतून खरवडलेली. दोन हात नरम म्हणजे मटणाचे धागे काट्याने सोडवलेले, चिवट भाग काढून टाकलेला, मिरची बारीक चिरलेली; कडेला मात्र दोन-चार चांगले तुकडे ठेवायचे, म्हणजे बघणाऱ्याला फरक दिसत नाही. कुणाला किती हात हे दादा माणसाला विचारून ठरवत नसत. टोपलीत पडलेला कागद उघडून बघत. साल टाकलीय, की मटण चघळून टाकलंय, की नुसतीच मिरची वगळलीय. सूनबाईला हे वाचायला यायला चार वर्षं लागली. पुढे पुढे तर कोण कोणत्या बाजूने चावतो एवढं पाहून ती हातात सुरी घ्यायची. गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांची दातांची खबर त्यांच्या बायकांच्या आधी तिला असायची, आणि तिने ती कधी नवऱ्यालाही सांगितली नाही. नवरा बस चालवायचा. त्याला वीट खाण्यापलीकडे विटेत रस नव्हता.

तिसरा हात फार क्वचित. त्यात आतलं सगळं रश्शात शिजवून, वाटून चाळणीतून काढायचं, अंड्याचा फक्त पिवळा भाग घ्यायचा, पावाच्या गराला रस्सा पाजायचा आणि पाऊण तास वजनाखाली ठेवायचं. वरची साल तेवढी दिसायला. तीन हात नरम वीट तिने उभ्या आयुष्यात तिघांसाठीच बांधली होती. ती खायला माणूस दुकानात येत नसे, घरचं कुणीतरी येऊन घेऊन जायचं. आणि तिन्ही वेळा महिन्याच्या आत फाउंड्रीच्या फाटकावरच्या निधनाच्या फळ्यावर त्या माणसाचं नाव खडूने लिहिलेलं दिसलं होतं.

दादा शहात्तर वर्षांचे झाले त्या हिवाळ्यात त्यांना घास अडकायला लागला. आधी पाव, मग भात, मग एक दिवस पाणीसुद्धा. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मुलाला आणि सूनबाईला आत बोलावून सांगितलं की अन्ननलिकेतली गाठ खूप पसरली आहे, शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, दोन ते तीन महिने. मुलगा हॉस्पिटलच्या जिन्यात पायरीवरच बसला. आता हे दादांना कसं सांगायचं, हा प्रश्न सासूबाईंनी एका मिनिटात निकालात काढला.

"त्यांना यातलं अक्षर कळता कामा नये," त्या म्हणाल्या. "कळलं तर आठ दिवस काढायचे नाहीत. सूज आहे म्हणायचं. औषधाने उतरेल म्हणायचं. माझी शपथ आहे तुम्हा दोघांना."

मला विचाराल तर असली शपथ घालणाऱ्याला चार शब्द सुनावावेत असं वाटतं. पण चोपन्न वर्षांच्या संसारानंतर नवरा जाणार हे कळलेल्या बाईला कोण सुनावणार? घरोघरी हे नाटक होतं. भेटायला येणारे मोठ्या आवाजात हसतात, "काय दादा, चेहऱ्यावर तेज आलंय की!" म्हणतात आणि जिन्यात जाऊन डोळे पुसतात. ज्याच्यासाठी नाटक असतं तो बिचारा पहिल्या रांगेत बसून ते बघत राहतो.

दादांनी आठवडाभर सगळ्यांना विचारून पाहिलं. मग एकदा सूनबाई सूप घेऊन वर गेली तेव्हा त्यांनी वाटी बाजूला ठेवायला लावली. "तू सांग. तू मला खोटं सांगणार नाहीस. काय म्हणाले डॉक्टर?"

"सूज आहे, दादा."

त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांचे खांदे सैल पडले, अगदी दिसतील असे. "तू म्हणतेस म्हणजे असेल," ते म्हणाले आणि सूप प्यायले. त्या दिवसापासून त्यांनी विचारणं बंद केलं. त्यांना झोप लागू लागली. सूनबाईची मात्र उडाली. पंचवीस वर्षांत या माणसाशी ती एकदाही खोटं बोलली नव्हती, आणि बोलली ती नेमकी इथे. पण निदान माणूस निवांत झाला ना, असं म्हणत ती दिवस ढकलत राहिली. आता एकच गोष्ट तिला करायची होती. तो निवांतपणा शेवटपर्यंत टिकवायचा.

सहाव्या आठवड्यात दादांनी जाहीर केलं, "उद्या दुपारी मी खाली येणार आणि काउंटरवर बसून वीट खाणार. सूज उतरत असेल तर गेली पाहिजे. बघू या तरी."

सासूबाई हरखल्या. डॉक्टर म्हणालेच होते, घशाखाली उतरेल ते द्या. सूनबाईला मात्र पुढचं दिसत होतं. साधी वीट दिली तर पहिल्याच घासाला ठसका लागणार, तोही सगळ्या दुकानासमोर, आणि सूज उतरली नाही हे त्यांचं त्यांना कळणार. दोन हात नरम दिली तरी तेच. सुपाची वाटी संपवायला त्यांना अर्धा तास लागत होता. घशाखाली उतरली तर तीन हातांचीच वीट उतरणार. आणि तीन हात म्हणजे काय, हे त्यांच्याहून जास्त कुणाला ठाऊक?

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तिने कामाला हात घातला. तिला एकच आशा होती. दादांनी तीन हातांची वीट बांधली होती, कधी खाल्ली नव्हती. त्यांच्या जिभेला ती माहीत नव्हती. मग जिभेला फसवायला काय लागतं ते सगळं तिने केलं. मटण दोनदा चाळणीतून काढलं, पण त्यात तळलेल्या कांद्याची पूड घातली, म्हणजे दाताखाली काहीतरी आल्यासारखं वाटावं. मिरचीचं नुसतं पाणी घेतलं, पण तिखट तेवढंच ठेवलं. वरची साल आतून कागदासारखी पातळ खरवडली आणि विस्तवावर धरून अशी कडक केली की सुरी लागताच ती कुरकुरली. कडेला कोवळ्या मटणाचे तुकडे लावले. वजनाखालून काढून कागद सोडला तेव्हा तिलाच पटेना की ही साधी वीट नाही. आयुष्यात इतकं चांगलं काम तिच्या हातून झालं नव्हतं.

भोंगा झाला. मुलाने दादांना धरून खाली आणलं. बाकं भरली होती, काही जण दारात उभे होते. वेल्डरकाकांनी आपली जागा सोडली, आणि ही काही लहानसहान गोष्ट नव्हती. सासूबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या राहिल्या. सूनबाईने वीट दादांसमोर ठेवली.

दादांनी ती दोन्ही हातांनी उचलली.

आणि तोंडाजवळ नेता नेता त्यांचे हात क्षणभर थांबले. तीन हातांच्या विटेत रस्सा दुप्पट मुरलेला असतो. ती जड असते, आणि कडेला धरून उचलली की मधोमध किंचित खाली बसते. हजारो विटा बांधलेल्या माणसाला ते कळायला चव घ्यावी लागत नाही. सूनबाईने त्यांच्या जिभेचा बंदोबस्त केला होता. त्यांचे हात ती साफ विसरली होती.

दादांनी मान वर केली नाही. पहिला घास घेतला, हळूहळू चावल्यासारखं केलं, गिळला. "जातेय," ते म्हणाले. दुकानात टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी वाजवली. त्यांनी दुसरा घास घेतला, मग तिसरा. अर्धी वीट खायला त्यांना सगळी सुटी लागली, पण सुटी संपल्याच्या भोंग्याकडे लक्ष न देता माणसं थांबली होती. मधेच थांबून दादा मोठ्याने म्हणाले, "साल जरा जास्तच कडक झालीय आज. सूनबाई, बेकरीवाल्याला सांग, म्हाताऱ्यांचे दात पाडायचेत का म्हणावं."

सगळे हसले. वेल्डरकाका सगळ्यांत जास्त हसले. सूनबाईने काउंटरची कड घट्ट धरून ठेवली होती.

दुकान रिकामं झाल्यावर दादा हात धुवायला मागच्या खोलीत आले. सासूबाई आनंदाने नातीला फोन करायला वर गेल्या होत्या. दादांनी हात धुतले, एकेक बोट पुसलं.

"किती हात?"

ती चाळणी घासायला लागली.

"उचलली तेव्हाच कळलं मला. पण तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"तीन."

"म्हणजे सूज नाही."

"नाही, दादा."

"किती दिवस म्हणालेत?"

"दोन-तीन महिने म्हणाले होते. त्यातले सहा आठवडे गेले."

दादा कांद्याच्या पोत्यावर बसले. मग म्हणाले, "हे सुजेचं कुणाच्या डोक्यातलं? हिच्याच ना?"

"आईंनी शपथ घातली."

"तिचीच अक्कल." ते किंचित हसले. "मग असं कर. मला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस. मला काही कळू द्यायचं नाही हे एक काम तिने हातात घेतलंय, त्यावरच ती उभी आहे. ते काढून घेतलंस तर कोसळेल." उठताना त्यांनी तिच्या खांद्याचा आधार घेतला. "बांधली मात्र झकास होतीस. मला नसती जमली एवढी."

तेव्हा ती रडली. इतकं कौतुक दादांनी पूर्वी कधी केलं नव्हतं, आणि आता ते घेऊन ती काय करणार होती?

त्यानंतर पाच आठवडे त्या घरात दोन मजल्यांवर दोन वेगळी माणसं राहत होती. वरच्या मजल्यावरचे दादा बायकोला विचारायचे, "सूज कधी उतरणार गं?" पुढच्या वर्षी दुकानाला कोणता रंग द्यायचा यावर वाद घालायचे. सासूबाई निळ्याचा हट्ट धरायच्या आणि मुद्दाम हरायच्या. सकाळी कामावर जाण्याआधी मुलगा त्यांना मागच्या खोलीत आणून बसवायचा, "खालच्या वासाने बरं वाटतं" म्हणून. त्या खोलीतले दादा निराळे होते.

"मला भीती वाटते, सूनबाई," ते म्हणायचे. मरणाची तितकी नव्हे, गुदमरण्याची. घोटभर पाण्यासाठी तडफडावं लागेल याची. आपण ओरडू आणि ते बायकोला ऐकू जाईल याची. एकदा विचारलं, "ते तिघे कसे गेले गं? तुला काही कळलं होतं?" तिला कळलं होतं, तिघांपैकी दोघांचं. तिने जो शांतपणे गेला होता त्याचंच सांगितलं. तिला धीर द्यायचे शब्द सुचत नसत. ती कांदा चिरत ऐकत राहायची. कांदा चिरताना रडायची सोय असते म्हणतात. तिला ती सोय नव्हती, पंचवीस वर्षांत तिचे डोळे कांद्याला सरावले होते. एका सकाळी दादा हुंदके देऊन रडायला लागले, लहान मुलासारखे, थांबेचनात. तिने हात पुसले आणि मिक्सर चालू केला. भांड्यात काही नव्हतं. तो तसाच रिकामा घरघरत राहिला आणि एका हाताने त्याचं झाकण दाबून, दुसऱ्या हाताने दादांचं डोकं पोटाशी धरून ती उभी राहिली. वरून सासूबाईंनी ओरडून विचारलं, "काय वाटतेस गं इतका वेळ?" ती म्हणाली, "मोहरी!"

दादा गेले ते वरच्या खोलीत, सकाळी अकराच्या सुमाराला. सासूबाई त्यांचा हात धरून सांगत होत्या की कालच डॉक्टरांचा फोन आला होता, सूज निम्मी उतरली म्हणाले. दादा म्हणाले, "वाटतंच मला." नंतर काही बोलले नाहीत. दुपारी फाउंड्रीच्या फळ्यावर त्यांचं नाव लागलं. ते फाउंड्रीत कधी कामाला नव्हते, तरी लागलं. भोंगा झाला तेव्हा माणसं बंद दुकानासमोर रस्त्यावर उभी राहिली आणि न जेवता परत कामावर गेली.

पुढचे कितीतरी दिवस माणसं भेटायला येत होती. सासूबाई प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायच्या. "शेवटपर्यंत कळू दिलं नाही मी त्यांना. सुखाने गेले." सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. आलेली माणसं म्हणायची, केवढं धैर्य तुमचं. सूनबाई चहाचे कप उचलायची.

पंधरा-वीस दिवसांनी येणारे थांबले. एका दुपारी दोघी वरच्या खोलीत दादांचे कपडे आवरत होत्या. सासूबाई एक सदरा मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

"सूनबाई, खरं सांगशील?"

"काय, आई?"

"त्यांना कळलं होतं का गं? मला मधूनच वाटतं, त्यांना सगळं कळलं होतं आणि एकट्यानेच ते..."

सूनबाईच्या ओठांवर आलं होतं. पाच आठवडे जे तिने एकटीने ऐकलं होतं ते कुणाच्या तरी गळ्यात पडून सांगावं, एकदाचं मोकळं व्हावं, असं तिला इतकं वाटत होतं की हातातल्या कपड्याची घडी विस्कटली.

"नाही, आई," ती म्हणाली. "नव्हतं कळलं."

"नक्की?"

"नक्की. कळलं असतं तर मला नसते का बोलले?"

सासूबाईंनी थोडा विचार केला. मग मोठा श्वास सोडला आणि मांडीवरच्या सदऱ्याच्या बाह्या सरळ केल्या.

"तेही खरंच," त्या म्हणाल्या. "तुझ्यापाशी कधी काही लपवलं नाही त्यांनी."